मापं काढणारी बाई

माझ्या तोंडून वाईट शब्द सहसा जात नाही. दिवसभर तोंडात टाचण्या असतात, शब्द जाणार कुठून? त्यामुळे पेपरात माझा फोटो आणि त्याखाली माझी जीभ किती लांब आहे याची चर्चा वाचली, तेव्हा आधी मला वाटलं, फोटो चुकला असेल.

थांबा, पहिल्यापासून सांगते. मी टेलर. कोपऱ्यावर दुकान आहे. एक खोली, दोन मशिनं, एक उभा आरसा आणि पडद्यामागे कपडे बदलायला हातभर जागा. नवं शिवणं कमी, आहे ते सैल-घट्ट करणं जास्त. आमचे हे शाळेत गणित शिकवतात, गाव त्यांना मास्तर म्हणतं. शाळेसमोरच्या रस्त्यावर दिवे लावा म्हणून त्यांनी नऊ वर्षं अर्ज केले, आणि दहाव्या वर्षी म्हणाले, "आता मीच नगराध्यक्ष होतो आणि माझा अर्ज मीच मंजूर करतो." मी म्हटलं, व्हा. मला काय ठाऊक, मास्तर उभे राहणार आणि लोक मला बघायला येणार!

माझ्या चपला झिजलेल्या दिसल्या, तर मास्तरांचं बायकोकडे लक्ष नाही. नव्या घेतल्या, तर मास्तरांच्या पगारात हे परवडतं कसं? सभेत हसले नाही, तर घरात काहीतरी बिनसलंय. हसले, तर एवढं हसण्यासारखं काय होतं? सासूबाई रोज सकाळी भिंग घेऊन पेपर मोठ्यानं वाचायच्या. "अगं, आज तुझं नाक आलंय," त्या आतून ओरडायच्या, "चांगलं म्हणताहेत की वाईट, ते कळत नाही. पण अर्धा रकाना आहे हो!"

शिवाय एक सल्लागार घरात येऊन बसला होता. मास्तरांचाच जुना विद्यार्थी. गणितात कच्चा होता म्हणून सल्ले द्यायला लागला असावा. तो मला वहिनी म्हणायचा आणि दर वाक्याला माझं काहीतरी काढून ठेवायला लावायचा.

"वहिनी, गळ्यातली टेप काढा."

"मग काय घालू?"

"मोत्यांचं काहीतरी घाला. नाजूक."

"मोत्यांनी कंबर मोजता येत नाही भाऊ."

"वहिनी, असलं बोलूही नका."

टेप मी काढली नाही. बावीस वर्षं ती गळ्यात आहे. ती नसली की मला उघड्यावर आल्यासारखं वाटतं.

मास्तरांच्या विरोधात चष्म्याच्या दुकानाचा मालक उभा होता. त्याला सगळे हसरा म्हणतात. झोपेतही दात दिसतात म्हणे. गावभर त्याची पोस्टरं लागली होती: 'जनतेसाठी झटलो, झटून झटून घटलो!' खाली सैल कोटातला त्याचा फोटो.

ते पोस्टर पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. कारण तो कोट तीन वर्षांपूर्वी मीच माप घेऊन शिवला होता आणि मीच सैल केला होता. हसरा तीन वर्षांत चार इंच वाढला होता, आणि हे जगात फक्त दोघींना माहीत होतं. एक मी, दुसरी त्याची बायको. नवऱ्याला जाड झालोय हे कळलं की तो आठवडाभर जेवत नाही आणि घरात सगळ्यांवर खेकसतो, म्हणून ती बिचारी तो झोपला की त्याला टेप लावायची आणि त्याचे कपडे गुपचूप आणून द्यायची. कोटाच्या शिवणीत आत जास्तीचं कापड राखून ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. मी थोडी थोडी माया सोडत गेले, लागेल त्याहून बोटभर जास्तच. हसऱ्याला कपडे सैल लागायला लागले. त्याची प्रामाणिक समजूत झाली, की आपण वाळलो. खोटारडा नव्हता हो तो, अडाणी होता.

एक दिवस एक तरुण वार्ताहर मुलगी पँट आखूड करायला म्हणून दुकानात आली. मी तिच्या पायाशी बसून खडूनं खूण करत होते आणि ती वरून प्रश्न विचारत होती. "हसऱ्यांच्या बाजूची माणसं आता तुमच्या दुकानात येत असतील का हो?"

हे काय विचारणं झालं? मला राग आला. टाचण्या काढल्या आणि म्हटलं, "न यायला काय झालं? मी कुणाला सोडत नाही. सगळ्या गावाची मापं काढलीत मी. हसऱ्याची काढलीत, त्याच्या बायकोचीही काढलीत. माझ्याकडे भेदभाव नाही!"

'मापं काढणं' याचा दुसरा अर्थ मला ठाऊक नाही, असं नाही. लहानपणी मोठ्यांची मापं काढली, म्हणजे त्यांना नावं ठेवली, म्हणून मीही मार खाल्लाय. पण आमच्या दुकानात तो अर्थ कधी आतच येत नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी दिवसभर तेच असतं: ताई, माप काढा. काकू, माप काढायचं राहिलं. मी सवयीनं बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर ठळक अक्षरात: 'हसऱ्याचीच काय, त्याच्या बायकोचीही मापं काढलीत! कुणाला सोडत नाही! मास्तरांच्या पत्नीची दर्पोक्ती.'

"दर्पोक्ती म्हणजे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई, माझी शिवणकामाची जाहिरात आहे."

दुपारपर्यंत गाव पेटलं. हसऱ्याच्या माणसांनी फलक लावले, 'मापं काढणाऱ्यांना मत नाही'. ज्यांच्या पोटावर मी काल टेप लावली होती तेसुद्धा त्या फलकाखाली उभे. सल्लागार धापा टाकत दुकानात आला. मागोमाग मास्तर.

"वहिनी, रविवारी सभागृहात दोन्ही उमेदवार समोरासमोर येणार आहेत. तिथं तुम्ही माफी मागायची. मी लिहून आणलीय."

"माफी? शिवणकामाची?"

तेवढ्यात त्याची नजर मशिनीशेजारच्या माझ्या मापांच्या वहीवर गेली. कच्चा असला तरी इतकंही कच्चं नव्हतं त्याचं गणित. "वहिनी... हसऱ्याचं माप यात असेल ना? तीन वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं?"

मी वही उचलून मांडीवर घेतली. तेच माझं उत्तर झालं.

"वहिनी, गाव हसून हसून लोळेल! 'झटून घटलो' म्हणे! एक आकडा सांगा, बाकी मी बघतो."

मास्तर दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "अगं, खरंच एकच तर आकडा आहे."

मला वाईट वाटलं. सल्लागाराचं नाही, ह्यांचं. म्हटलं, "अहो, वहीतलं माप मी बाहेर सांगत नाही."

"मलाही नाही?"

"तुम्हालाही नाही. आणि का, तेही विचारू नका."

कारण त्याच पानावर हसऱ्याच्या बायकोचं माप होतं. आम्ही घराला एक पान ठेवतो. दोन वर्षांपूर्वी ती एका मोठ्या दुखण्यातून उठली होती. कुणाला न कळता इस्पितळात गेली, कुणाला न कळता आली, आणि तिचे कपडे पुन्हा तिच्या अंगावर पूर्वीसारखे बसावेत म्हणून कुठं काय आणि किती भरायचं, ते मी पेन्सिलीनं तिच्या मापाशेजारी लिहून ठेवलं होतं. आता तिनंच होकार दिला म्हणून एवढं तरी सांगतेय. याहून जास्त तुम्हालाही सांगणार नाही.

शनिवारी ती आली. निळा ड्रेस हातात. गळ्याचा टाका सुटलाय म्हणाली, पण सुटला नव्हता. तिच्याबद्दलही पेपरात रोज काहीतरी असायचंच. निळा ड्रेस तिसऱ्यांदा घातला तर चिक्कू, लाल नवा घातला तर उधळी. ती आरशासमोर उभी राहिली आणि आरशातून वहीकडे बघत म्हणाली, "ताई, ते पान..."

"जागच्या जागी आहे."

"तुमच्या घरचेही उभे आहेत ना? मला कळतंय हो. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, मलाच माहीत नाही."

"तुम्ही माझ्या जागी असता तर आधी हा ड्रेस सरळ धरला असता. धरा."

ती हसली आणि मग तिथंच माझ्या स्टुलावर बसून रडली. मी न सुटलेला टाका उगीचच घातला.

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर दोन उमेदवार, दोन टेबलं, आणि एका कडेला मी, गळ्यात टेप. हसऱ्याची बायको पहिल्या रांगेत, निळ्या ड्रेसमध्ये. मी उभी राहिले. सल्लागारानं दिलेला कागद मी मास्तरांच्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली घडी करून घातला होता, त्यामुळे माझं मलाच बोलावं लागलं.

"मी टेलर आहे," मी म्हटलं, "कुणाचा अपमान करायचा असता तर पँट आखूड शिवली असती. मी मापं काढली म्हणजे टेपनं काढली. पैसे घेऊन."

लोक हसले. मागून कुणीतरी टाळीही वाजवली. प्रकरण तिथं मिटलं असतं, पण हसऱ्याला हशा सहन झाला नाही. तो उठला, सैल कोटाची टोकं धरून पसरली आणि ओरडला, "टेपनं काढलीत ना? मग वाचून दाखवा! आत्ता, इथं! या माणसाकडे लपवण्यासारखं काही नाही!"

आता या खुळ्याला काय म्हणावं? पहिल्या रांगेत त्याच्या बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा हात आपोआप उजव्या खांद्यावरून खाली आला आणि छातीशी थांबला.

"वही दुकानात आहे," मी म्हटलं.

"नाही वहिनी, मी आणलीय!" सल्लागार पडद्याआडून धावत आला. मेल्यानं दुकानातून उचलली होती! पान शोधून, बोट घालून आणली होती. ती त्यानं मास्तरांसमोर टेबलावर उघडी ठेवली. "मास्तर, वाचा. त्यांचीच मागणी आहे."

मास्तर माझ्याकडे बघत होते. मी पहिल्या रांगेकडे बघत होते. मग मास्तरांनी त्या रांगेकडे बघितलं, तिचा तो छातीशी धरलेला हात बघितला, आणि वहीकडे न बघता वही मिटली. एकदाही नजर खाली गेली नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, म्हणून सांगते. मग त्यांनी ती वही आपल्या खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले.

"कसली वही?" मास्तर म्हणाले.

सल्लागार तिथं घुटमळत राहिला. ह्यांनी बूड हलवलं नाही. भाषणाची वेळ झाली, सूत्रसंचालकानं दोनदा सांगितलं, "मास्तर, उभे राहून बोला." मास्तर बसून बोलले. दिव्यांबद्दल बोलले, रस्त्याबद्दल बोलले, शेवटी सगळं सभागृह राष्ट्रगीताला राहावं तसं उभं राहून हसऱ्यासाठी टाळ्या वाजवत होतं, तेव्हाही हे बसून होते. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: 'निवडणुकीला उभे, मतदारांसमोर मात्र उभे राहिले नाहीत! मास्तरांचा उद्धटपणा.'

एकसष्ट मतांनी पडले.

निकालाच्या संध्याकाळी ते दुकानात आले, आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कोट जरा बघतेस का? खांद्यावरून उतरतोय." मी टेप लावली. अडीच इंच घटले होते. उन्हातान्हात दारोदार फिरून, जेवणाच्या वेळा चुकवून खरोखर घटलेला उमेदवार हा होता, आणि त्याचं एकही पोस्टर नव्हतं. मी कपाळ त्यांच्या पाठीला टेकवलं आणि भरपूर रडून घेतलं.

"अगं, टाचण्या आहेत ना तोंडात?" ते घाबरून म्हणाले.

"सभाभर बसलात त्या वहीवर," मी म्हटलं, "एकदाही बघावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. खूप वाटलं. म्हणून तर उठलो नाही."

मी कोटाची शिवण आत घेतली. कापलं काही नाही, माया तशीच आत ठेवली.

पंधरा दिवसांनी नव्या नगराध्यक्षानं पदभार घेतला. त्याची बायको माझ्याकडून शिवून घेतलेल्या हिरव्या ड्रेसमध्ये नगरपालिकेच्या पायऱ्या चढत होती. वार्ताहर तिच्याभोवती जमले. ड्रेस कितीचा, रंग असा का, बाई वाळल्यात का, तब्येत बरी नाही का? ती पायरीवर थांबली. मी गर्दीत मागं होते. तिनं मला शोधून काढलं, माझ्याकडे बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी मापं त्या बाईंनी काढलीत. आता दुसऱ्या कुणी काढायची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी भिंग लावून ते वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवलं. या खेपेला पेपरवाल्यांनी एक शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता. आणि त्याच पानावर खाली, अगदी बारीक अक्षरात, नगराध्यक्षांच्या पत्नीच्या आग्रहावरून शाळेसमोरच्या दिव्यांचा अर्ज मंजूर झाल्याची बातमी होती.