वासाचा रकाना

वाल्बुर्गाने दहाव्या पोत्याची शिवण सुरीने चार बोटं उसवली, आत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर हॉप्स बाहेर काढले. हिरवी, कागदासारखी हलकी बोंडं. पिवळी भुकटी तळव्यांना चिकटेपर्यंत तिने ती चोळली आणि ओंजळ नाकाशी नेली.

काही नाही. फेब्रुवारीतल्या त्या तापानंतर तिच्या नाकाला ना कॉफी कळत होती ना शेण. हार्टबाख गावात हे कुणालाही ठाऊक नव्हतं, निदान तिची तशी समजूत होती.

सवयीने तिची नजर दाराजवळच्या खांबाकडे गेली. खांबाशी आज कुणी नव्हतं. तिथे रोज रेलून उभा राहणारा कास्टल, तिच्या दिवंगत नवऱ्याचा धाकटा भाऊ, आज तिच्या समोर उभा होता, कारण पोती त्याचीच होती. टोपी भुवयांपर्यंत खाली ओढलेली.

"काय वहिनी, डुलकी लागली का? मार की सील."

"मारते. घाई कसली आहे?"

"मला नाही, त्या ओटमारला आहे. माझ्यामागे रांगेत ट्रॅक्टरवर बसून शिव्या घालतोय."

बीअरला कडूपणा देणाऱ्या या बोंडांवर ब्रसेल्सचं फार बारीक लक्ष. ब्रसेल्सने युरोपातल्या सगळ्या देशांसाठी नियम केला, बॉनच्या सरकारने त्याचा कायदा केला आणि उतरत उतरत तो कायदा येऊन पडला हार्टबाखच्या सीलघरात, वाल्बुर्गाच्या हातातल्या पकडीत. पोत्यावर गावाचं शिशाचं सील नसेल तर पोतं गावाबाहेर पडायचं नाही. सील म्हणजे शपथ. हा माल याच गावचा, याच जातीचा, याच वर्षीचा. आदल्या वर्षीचा सील न झालेला माल मार्च उलटला की मातीमोल. कायदा वजन मागतो, ओलावा मागतो. वासाचा रकाना काही त्याच्या कागदात नाही. पण तिच्या सासऱ्याच्या काळापासून गावाची रीत अशी, की आधी नाक, मग पक्कड. जुन्या हॉप्सना गंधकाची धुरी दिली तर ते हिरवे दिसतात, पण चोळले की शिळ्या चीजसारखी घाण मारतात. ती लपत नाही.

हंगामाचे अठरा दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. कास्टलला जुनी खोड होती. खांबाशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या पोत्यातून चिमूट उचलायची, चोळायची, हुंगायची आणि गावगप्पा हाणायच्या. माल चांगला असला तर गप्पा चालू राहत. वाईट असला तर गप्प होऊन तो टोपी मागे सरकवी. दोनदा सरकवली. पहिल्यांदा तिने ते पोतं उभं फाडायला लावलं, तर मधोमध बुरशी निघाली. दुसऱ्यांदाही तेच. तेव्हापासून बीअरच्या टेबलावर एकच चर्चा, वाल्बुर्गाचं नाक म्हणजे नाक, सासऱ्याच्याही वरचढ. ती ऐकून घेई आणि रात्री अंथरुणात तिला लाजेने घाम फुटे.

"बारा पोती आणलीस," ती म्हणाली.

"बाराच."

"गेल्या वर्षी किती होती?"

"तुझ्या वहीत असतील की."

"बाराच होती. आणि जुलैत गारांनी तुझा पाव मळा तारांसकट आडवा केला, तो मी डोळ्यांनी बघितलाय."

"उरलेल्या मळ्याने भरून काढलं," तो म्हणाला. "देव एका हाताने नेतो, दुसऱ्या हाताने देतो. पाद्रीबुवा काय उगाच सांगतात?"

बोलताना त्याने पोत्याकडे पाहिलं नाही. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, या पोत्याला त्याने अजून हात लावलेला नाही. पहिल्या नऊ पोत्यांशी तो चिमूट हुंगत वटवट करत होता, म्हणून तिने सील मारली होती. दहाव्यापाशी वटवट थांबली होती. ओलावा मोजायच्या यंत्राचा काटा बरोबर जागेवर होता, वजन बरोबर होतं, कागद बरोबर होता. कायद्याची काही तक्रार नव्हती.

तिने भुकटीने पिवळी झालेली ओंजळ त्याच्यापुढे धरली.

"तू हुंग."

"मी कशाला? सील तुझं, नाक तुझं."

"मला वास येत नाही, कास्टल. फेब्रुवारीपासून. अठरा दिवस मी तुझ्या तोंडाकडे बघून सील मारतेय. आज तुझं तोंड मला वाचता येत नाही, म्हणून विचारते."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं, आणि लगेच भीती वाटली. कास्टल जराही दचकला नाही.

"ठाऊक आहे मला," तो हळूच म्हणाला. "ईस्टरला तुझ्याकडे जेवायला आलो होतो. भट्टीत मांस जळून घरभर धूर, आणि तू पुढच्या खोलीत हसत पत्ते पिसत होतीस. तेव्हाच कळलं."

"म्हणजे ती टोपी..."

"मग काय, टोपीला काय खाज सुटली होती?"

बाहेर ओटमारने भोंगा वाजवला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"मग ऐक वहिनी," कास्टल पुढे झुकला. "तुझं मला माहीत, माझं तुला माहीत. बारा पोती पुरी झाली नाहीत तर ब्रुअरी माझा दहा वर्षांचा करार मोडते. मग मळा विकायचा आणि कारखान्यात पाट्या टाकायला जायचं, या वयात. तीन पोत्यांचा प्रश्न आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. सील मार आणि सोड. कोण विचारणार आहे?"

तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. दहा वर्षांचा असताना तो तिच्या लग्नात मेणबत्ती धरून पुढे चालला होता. तिने मेजावरची पक्कड उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"मग तूच मार."

"मी?"

"तुझ्या बापाची पक्कड आहे. चाळीस वर्षं वापरली त्यांनी. शिसं भरलेलंय, नुसती दाबायची. पण आधी हुंग, रीत आहे. मग दाब. मी कुणाला बोलणार नाही, शब्द देते."

कास्टलने पक्कड हातात तोलली. तिच्या जबड्यात गावाचं नाव उलटं कोरलेलं होतं, झिजून गुळगुळीत झालेलं. त्याने अंगठा त्यावरून फिरवला. मग त्याने वहिनीची ओंजळ मनगटांना धरून वर घेतली, नाकाशी नेली आणि श्वास ओढला.

त्याचा उजवा हात सावकाश वर गेला. टोपी मागे सरकली.

"शेवटची तिन्ही," तो म्हणाला. "गेल्या वर्षीची आहेत."

त्याने पक्कड मेजावर ठेवली आणि एकेक करून तिन्ही पोती आपल्या गाडीत परत चढवली. तिने हात लावला नाही, लावू दिलाच नसता त्याने. तो परत आला तेव्हा ती नऊ पोत्यांचा कागद भरत होती. वजन. ओलावा. गाव, जात, वर्ष. खाली सही करण्याआधी ती थांबली आणि तिने समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं :

वास : कास्टल राइन्डलने घेतला. मला वास येत नाही. या हंगामातल्या सगळ्या पोत्यांचा त्यानेच घेतला आहे.

कास्टलने तिच्या खांद्यावरून वाचलं.

"अगं, वेडी आहेस का? हा कागद उद्या जिल्ह्याला जातो."

"जाऊ दे."

"तुझी पक्कड काढून घेतील. अठरा दिवसांचा सगळा माल पुन्हा तपासतील."

"तपासू देत. खोटा निघणार नाही ना?"

तो विचारात पडला. मग त्याने मान हलवली. नाही.

तिने सही केली आणि शाई वाळायला कागद बाजूला सरकवला. बाहेर भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

"बोलाव त्या ओटमारला," ती म्हणाली. "आणि ती टोपी काढून ठेव. आता तोंडाने सांगायचं."