रोज बासष्ट

वॉर्डातल्या नर्सबायका सिस्टरला ‘फोनवाली’ म्हणून चिडवायच्या. चिडवोत बापड्या! हृदयाच्या पेशंटना भरती न करता घरीच सांभाळायचं, सगळ्या डॉक्टरांच्या औषधांची एकच यादी करायची आणि रोज सकाळी फोनवर प्रत्येकाचं वजन विचारायचं, हा उद्योग तिनेच हट्टाने सुरू करवला होता. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, की अंगात पाणी साठतंय, हृदय थकतंय, हे ओळखायचं.

टेलरकाका तिचे सगळ्यांत गुणी पेशंट. वर्षात तीनदा भरती झालेले. चौथ्यांदा आले तर काही खरं नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण काकांचा आकडा रोज ठणठणीत, बासष्ट.

आठव्या बासष्टला सिस्टरचं पेन थांबलं. खाणाऱ्या-पिणाऱ्या माणसाचं वजन शंभर-दोनशे ग्रॅम तरी इकडेतिकडे होणारच की!

"काका, आत्ताच्या आत्ता या. काकूंना आणि तुमचा वजनकाटाही घेऊन या."

दवाखान्याच्या काट्यावर काका सहासष्ट भरले. पावलं टम्म सुजलेली.

"घरच्या काट्याला काय केलंत?"

"भलतंच दाखवायचा हो. मग मी काटा जुळवायची चकती फिरवून बासष्टवर आणायचो. कार्डावर लिहिलंय ना, वजन बासष्ट ठेवावे? जन्मभर दिलेल्या मापाबरहुकूम काम केलंय मी."

सिस्टरने कपाळावर हात मारला. कार्ड तिनेच लिहिलं होतं. "चूक माझीच, काका," ती म्हणाली आणि तडक उठली. हृदयाचे डॉक्टर आणि किडनीचे डॉक्टर, दोघांना तिने एका टेबलाशी आणून बसवलं. पाणी काढायच्या गोळीचा डोस वाढला, दुसऱ्या दिवशीची रक्ततपासणी ठरली. सिस्टरने काट्याची चकती शून्यावर आणून दिली. काका भरती न होता घरी गेले, पण सिस्टरच्या जिवाला घोर लागला. रोज सकाळी ती पहिला फोन काकांनाच लावायची. पासष्ट. चौसष्ट. त्रेसष्ट.

चौथ्या सकाळी फोनवर काकू होत्या.

"सिस्टर, हे काल आडवे झोपले हो! दम लागतो म्हणून दहा-बारा दिवस उशांना टेकून बसून रात्र काढत होते. तेव्हा काटा बासष्टच दाखवायचा म्हणून मीही गप्प. आज बासष्ट भरलेत, चकतीला हात न लावता!"

सिस्टरचा ऊर अभिमानाने भरून आला. वॉर्डातल्या दोघी समोरच उभ्या होत्या. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"काकू, पुन्हा सांगा. जरा मोठ्याने."