फाटकाला तेल

माझा स्वभाव चौकस आहे. माझी बहीण याला चोंबडेपणा म्हणते, पण तिच्याकडे लक्ष द्यायचं कारण नाही. कुठलंही दार उघडं दिसलं की आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि एखादी वस्तू बिघडलेली दिसली की ती नीट केल्याशिवाय माझे हात गप्प बसत नाहीत. मी जे काम करते त्यात यातला पहिला गुण फार कामाला येतो. दुसऱ्याला सक्त मनाई आहे.

काम असं. आमची एक संस्था आहे. एखादा शेतकरी आजारी पडला, पाय मोडून बसला, ऑपरेशनला गेला, की त्याच्या गाईंचं दूध काढायला संस्था माणूस पाठवते. गाईला सुट्टी ठाऊक नसते. मालक दवाखान्यात असो नाहीतर स्वर्गात, दिवसातून दोनदा कास रिकामी झालीच पाहिजे. आम्हाला 'बदली' म्हणतात, आणि अशा आम्ही अकरा बदल्या आहोत. माझ्याही एके काळी सहा गाई होत्या. नवरा गेला, पाठोपाठ माझा गुडघा गेला, आणि एका सकाळी ट्रक येऊन गाई घेऊन गेला. त्यानंतर तीन महिने मी पहाटे उठून नुसती पलंगाच्या कडेला बसून राहायचे. गुडघा सुधारल्यावर संस्थेत नाव घातलं, कारण मला कुणाच्या का होईना, गाई हव्या होत्या.

संस्थेच्या कागदावर एक नियम ठळक अक्षरात छापलाय: घर जसं होतं तसं सोडायचं. पडदे धुवायचे नाहीत, खुंट्या ठोकायच्या नाहीत, सामान लावायचं नाही. "आपण मदतीला जातो, सुधारायला नाही," असं आमच्या मॅडम प्रत्येक बैठकीत सांगतात आणि सांगताना नेमकं माझ्याकडे बघतात.

त्या रविवारी दुपारी मी पोचले तेव्हा घरात वहिनी एकट्याच होत्या. त्यांच्या नवऱ्याचं घशाचं ऑपरेशन झालं होतं. दोन आठवडे दवाखाना, आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

"तसा फरक काही पडलेला नाही," वहिनी म्हणाल्या. "आधीही हे बोलायचे कुठे? आता निदान कागदावर लिहून तरी देतात."

गोठ्यात नऊ गाई. वहिनींचा उजवा हात कोपरात सरळ होत नव्हता. लाथाडी नावाच्या गाईच्या आईने कधीकाळी दिलेली ती भेट होती. तेव्हापासून गोठा नवऱ्याचा आणि घर वहिनींचं, अशी वाटणी झालेली. नवऱ्याचा धाकटा भाऊ दोन तासांवर मोठा गोठा चालवायचा. त्याने सांगून ठेवलं होतं, बाहेरच्या माणसाला जमलं नाही तर शनिवारी ट्रक आणतो आणि सगळ्या गाई माझ्याकडे नेतो. भला माणूस होता, काळजीपोटीच बोलत होता. पण ट्रकमध्ये चढलेल्या गाई परत उतरत नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि वहिनींनाही.

पहिल्या संध्याकाळी नवल घडलं. मी अंगणातलं फाटक उघडून गोठ्यात गेले, कास धुतली, मशीन लावलं, आणि नऊच्या नऊ गाईंनी निमूट दूध दिलं. दोन कॅन काठोकाठ भरले. नव्या माणसाला असं कधी होत नाही. मी जरा हवेतच होते. वहिनींनी चहा केला आणि आम्ही दोघी पायरीवर बसलो. वाऱ्याने फाटक हललं आणि असं काही करकरलं की माझ्या दाढा शिवशिवल्या.

"बावीस वर्षं," वहिनी म्हणाल्या. "बावीस वर्षं सांगतेय, याला थेंबभर तेल घाला. कान किटले माझे. पण ऐकतील तर शपथ."

माझ्या पिशवीत तेलाची बुधली असतेच. नियम आठवला नाही असं म्हणणार नाही. आठवला आणि मी तो बाजूला सारला. चार थेंब वरच्या बिजागरीत, चार खालच्या. वहिनींनी फाटक पाच वेळा उघडलं आणि पाच वेळा लावलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरत होतं. एवढा खूश झालेला चेहरा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

सोमवारी सकाळी गाईंनी पान्हा चोरला.

ज्यांनी कधी दूध काढलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दूध कासेत असतं, पण गाईने मनातून सोडल्याशिवाय ते खाली उतरत नाही. मशीन कितीही चांगलं असो, वरवरचं तेवढं निघतं आणि बाकीचं आत राहतं. चार-पाच दिवस असं चाललं की कास दगडासारखी होते, गाईला ताप येतो, नाहीतर ती आटून जाते. सोमवारी सकाळी सव्वा कॅन भरला. संध्याकाळी कसाबसा एक.

मंगळवारी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी नऊही गाई तपासल्या, काही सापडलं नाही. "नवा माणूस आहे, रुळतील," म्हणाले आणि निघून गेले. पण रविवारीही मी नवीच होते की. उलट रविवारी जास्तच नवी होते. हेच मला खटकत होतं. ओळख नसताना दूध देणाऱ्या गाई ओळख झाल्यावर का अडतात? माझ्यात इतकं वाईट काय दिसलं त्यांना?

मग मी शोध सुरू केला. आधी मालकाचा जुना कोट घालून गेले; गाईंनी कोट हुंगला आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. मग त्याचा साबण वापरला. मग कामाचा क्रम बदलला. वहिनींना विचारलं, ते गाणं म्हणतात का, शीळ घालतात का, गाईंशी बोलतात का.

"माझ्याशी बोलत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "गाईंशी बोलत असतील तर मला बघायला आवडेल."

वहिनी रोज दुपारी बसने दवाखान्यात जायच्या. त्यांच्याबरोबर मी चिठ्ठी पाठवली: दूध काढण्याआधी तुम्ही नेमकं काय करता? बुधवारी उत्तर आलं. मोठ्या, चौकोनी अक्षरात तीनच शब्द: काही विशेष नाही.

त्याच संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. वहिनी नुसत्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं भाऊजी. शनिवारी सकाळी या." फोन ठेवून त्या टेबलाशी बसल्या आणि वाकडा हात दुसऱ्या हाताने दाबत राहिल्या.

"हे घरी येतील आणि आधी गोठ्याकडे जातील," त्या म्हणाल्या. "मला माहितेय ना. चप्पलसुद्धा काढणार नाहीत. आणि गोठा रिकामा असेल. मग तो माणूस सकाळी उठेल कशासाठी, ताई?"

मला पलंगाची कड आठवली. त्या रात्री मी ठरवलं की या माणसाचं 'काही विशेष नाही' मुळापर्यंत उकरून काढायचं. रोज तेच करणाऱ्याला आपण काय करतो ते दिसत नाही. खोटं तो बोलत नाही, फक्त अर्धंच सांगतो. दुसऱ्या दिवशी मी लांबलचक चिठ्ठी लिहिली. विशेष काही नको, म्हटलं. डोळे उघडल्यापासून पहिल्या गाईला हात लावेपर्यंत जे जे घडतं, ते एका ओळीत एक असं लिहा. श्वास घेत असाल तर तेही लिहा.

गुरुवारी दुपार उतरताना वहिनी परतल्या त्या कागद हातात घेऊनच. आम्ही दोघी अंगणात उभ्या राहिलो आणि त्यांनी मोठ्याने वाचलं.

"उठतो. बूट घालतो. बूट थंड असतात. पाणी पितो. अंगणात जातो. आभाळ बघतो. फाटक उघडतो. गाई माना वर करतात. स्वयंपाकघरात दिवा लागतो. आत जातो."

वहिनी थांबल्या. कागदाकडे बघत राहिल्या.

"दिवा?" मी विचारलं.

"मी जागीच असते," त्या हळू म्हणाल्या. "फाटक वाजलं की उठते आणि दिवा लावून चहा ठेवते. बावीस वर्षं. ह्यांचं लक्ष असतं हे मला काय माहीत?"

त्यांचं दिव्यापाशी अडलं होतं. माझं त्याच्या वरच्या ओळीपाशी अडलं. गाई माना वर करतात. माझ्या वेळेला कुणी मान वर केली होती? रविवारी केली होती. नऊ तोंडं एकदम माझ्याकडे वळली होती आणि मला वाटलं होतं, काय हा मान. सोमवारपासून एकीनेही नाही.

मी फाटकाशी गेले आणि उघडलं. काहीही आवाज न करता ते शेवटपर्यंत गेलं. गोठ्यात नऊ पाठी तशाच राहिल्या. लाथाडीने शेपटी तेवढी हलवली.

तेव्हा मला उलगडलं. या गाई वासरं होत्या तेव्हापासून फाटक करकरलं की दूध, असं त्यांच्या अंगात बसलं होतं. मालकाला ते माहीत नव्हतं, वहिनींना नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं. आणि मदतीला आलेल्या बाईने पहिल्याच दिवशी, मोठ्या हौसेने, आठ थेंबांत त्याचा निकाल लावला होता.

"वहिनी," मी म्हटलं, "गाईंचं काही बिघडलेलं नाही. मी बिघडवलंय." आणि सगळं सांगितलं. नियमसुद्धा सांगितला, ठळक अक्षरांसकट.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "तेल मीच घालायला लावलं. आता काढू या."

तेल घालणं सोपं असतं. आम्ही बिजागऱ्यांवर उकळतं पाणी ओतलं, सोडा लावला, रॉकेलने पुसलं, वाळूने घासलं. मिठाचं पाणीही घातलं, गंज तरी चढेल म्हणून. फाटक आणखीच छान फिरायला लागलं. तेल चांगल्या प्रतीचं होतं; मी हलक्या वस्तू वापरत नाही. दूध काढायची वेळ झाली आणि मी हात टेकले.

वहिनी फाटकाला धरून उभ्या होत्या. इकडेतिकडे कुणी नाही ना ते त्यांनी बघितलं. मग हनुवटी छातीशी घेतली, तोंड एका बाजूला ओढलं आणि घशाच्या तळातून असा काही आवाज काढला की माझ्या दाढा पुन्हा शिवशिवल्या. क्रीऽऽऽ, आणि शेवटी एक छोटीशी उचकी. फाटकाची ती उचकी मी विसरलेही होते. त्या विसरल्या नव्हत्या.

नऊ माना वर झाल्या.

मी मशीन लावेपर्यंत लाथाडीच्या सडांतून दूध टपकायला लागलं होतं. त्या संध्याकाळी दीड कॅन. शुक्रवारी सकाळी पावणेदोन. शनिवारी धाकटा ट्रक घेऊन आला तेव्हा आम्ही दूध काढायच्याच तयारीत होतो. आपली मोठी वहिनी अंगणात उभी राहून फाटकाचा आवाज काढतेय हे बघून त्याने आधी माझ्याकडे संशयाने बघितलं. मग दोन कॅन भरलेले बघितले. चहा घेतला आणि रिकामा ट्रक घेऊन गेला. जाताना म्हणाला, "वहिनी, माझ्याकडच्या गाईंसाठी काय आवाज काढायचा ते बघून ठेवा."

मॅडमना मी फोन करून सगळं सांगितलं. माझं नाव कटणार, अशी मी मनाची तयारी केली. मग त्या म्हणाल्या, "नियमांत एक ओळ वाढवावी लागेल. वंगण घालू नये. बाकी ते दोन आठवडे पूर्ण करा."

मालक दोन आठवड्यांनी, रविवारी संध्याकाळचं दूध काढून झाल्यावर घरी आला. उंच, वाकलेला माणूस, गळ्याभोवती मफलर. खरंच, चप्पल न काढता उघड्या फाटकातून गोठ्याकडे गेला. त्याला आणखी महिनाभर बोलायला आणि जड काम करायला मनाई होती आणि दूध काढायचं काम एक दुसरी बदली घेणार होती. माझी सोमवारची सकाळची पाळी शेवटची.

सोमवारी पहाटे मी अंगणात आले तर तो आधीच तिथे होता. बूट घातलेले, आभाळ बघून झालेलं. फाटक त्याने स्वतः उघडलं. ते गुपचूप फिरलं. तो थबकला. बिजागरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आभाळाकडे बघितलं. वहिनींनी त्याला काही सांगितलं नव्हतं हे मला तेव्हा समजलं.

आणि अंधाऱ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो आवाज आला. क्रीऽऽऽ. मग उचकी.

गोठ्यात नऊ माना वर झाल्या. अंगणात दहावी. मग स्वयंपाकघरात दिवा लागला.

तो फाटकावर हात ठेवून उभा राहिला. डॉक्टरांनी हसायलाही बंदी केली असावी, कारण त्याने मफलर तोंडाशी धरला होता आणि खांदे हलत होते. डोळे पुसले. बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. मग खिशातून वही काढली, एक ओळ लिहिली, पान फाडून मला दिलं आणि गोठ्यात गेला.

चौकोनी अक्षरात लिहिलं होतं: तेल राहू दे.

मी ते पान खिडकीतून वहिनींना दिलं आणि कास धुवायला घेतली.