न वाचलेली ओळ

विनयांजली सभा साडेपाचच्या आत उरकायची, असं चुलतभाऊ सम्मेदनं आधीच बजावलं होतं. सभेनंतर जेवण होतं, आणि जेवण सूर्य मावळायच्या आत व्हायला हवं. जैन मंदिराच्या हॉलमध्ये डॉक्टर जिनेंद्रचा फोटो खुर्चीवर ठेवला होता. पन्नास वर्षं इंग्लंडात डॉक्टरकी करून महिन्यापूर्वी तो तिकडेच, लीड्सला वारला. पहिल्या रांगेत त्याची थोरली बहीण त्रिशला बसली होती. वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षिका, लग्न केलेलं नाही, शाहूपुरीतल्या घरात एकटी. सगळी गल्ली तिला आक्का म्हणते.

गेलेल्या माणसाला सभेत कुणी वाईट म्हणत नाही. पण जिनेंद्रबद्दल खोटं बोलायची कुणाला गरजच पडली नाही. आईला त्यानं घर बांधून दिलं, चुलतभावांच्या पोरांना शिकवलं, बहिणीला दर रविवारी न चुकता फोन केला. आणि जो उठला त्यानं फिरून फिरून तेच सांगितलं, की परदेशात राहून या माणसानं सूर्यास्तानंतर कधी तोंडात घास घातला नाही.

"तिकडं हिवाळ्यात पावणेचारला दिवस मावळतोय," सम्मेद म्हणाला. "ड्यूटी सुटायची सहाला. गडी तसाच उपाशी घरात यायचा. आपल्यातला कोण करंल सांगा?"

लोकांनी माना हलवल्या. मग सम्मेदनं आक्काला दोन शब्द बोलायला सांगितलं. आक्कानं नुसते हात जोडले. लोकांना वाटलं, बिचारीला दुःखानं बोलवत नाही. दुःख होतंच, पण बोलवत नव्हतं ते दुसऱ्याच कारणानं.

जिनेंद्र निघाला तेव्हा आईनं त्याला याच मंदिरात आणून नियम दिला होता, रात्री जेवायचं नाही. पोरानं हसत हसत घेतला. तिकडचा सूर्य कसा असतो हे ना आईला ठाऊक, ना त्याला. पहिल्याच डिसेंबरात त्याचं पत्र आलं. आईला वाचता येत नसे. पत्र वाचायचं आणि उत्तर लिहायचं काम आक्काचं. पत्रात शेवटी एक ओळ होती: 'आईला विचार, हिवाळ्यापुरता नियम सोडू का? फार भूक लागते गं.'

आक्कानं सगळं पत्र वाचून दाखवलं. ती ओळ तेवढी गाळली. उत्तरात स्वतःच्याच मनानं लिहिलं, 'आई म्हणते, नियम मोडू नकोस.'

धर्मासाठी केलं म्हणावं तर तसंही नाही. आज नियम सुटेल, उद्या घर सुटेल, परवा हा आपल्याला विसरेल, या धास्तीनं ती घाबरी झाली होती. एकदा पोराची भूक भागली की मग त्याला कोल्हापूर कशाला आठवेल? अठ्ठावीस वर्षांची शिकलीसवरली बाई, पण भाऊ हातचा जातोय म्हटल्यावर अक्कल गहाण पडली. पुढं दर हिवाळ्यात तिला ती ओळ आठवायची आणि दर हिवाळ्यात सांगायची लाज आणखी वाढायची. जिनेंद्रनं पुन्हा कधी विचारलं नाही. मग आई गेली, आणि सांगायचं राहूनच गेलं.

सभेहून घरी यायला सात वाजले. सोबत जिनेंद्रची मुलगी ऐश्वर्या होती. चाळिशीची, केस पोरासारखे कापलेले, जन्म तिकडचा. पण मराठी बापाकडून शिकलेली, त्यामुळं पेठेतल्या बायांनी तोंडात बोटं घालावीत अशी कोल्हापुरी. लोकांच्या भेटीगाठीत तिचं जेवण राहिलं होतं. उद्या सकाळी तिला निघायचं होतं. आक्काच्या मनात आलं, आज नाही सांगितलं तर आता कुणाला सांगणार?

तिनं भात गरम केला, आमटी वाढली आणि समोर बसली.

"पप्पांच्यासंगं हिवाळ्यात कधी रात्री जेवल्याचं आठवतच न्हाय बघ," ऐश्वर्या भात कालवत म्हणाली. "आम्ही खाली टेबलावर, ते वर खोलीत दार लावून. वासानं भूक चाळवतीया म्हणायचे. ल्हान हुते तवा मला वाटायचं, आमच्यावर चिडल्यात."

"ते माझ्यामुळं गं," आक्का म्हणाली, आणि मग थांबली नाही. पत्र, ओळ, खोटं उत्तर, सगळं सांगून टाकलं. भाचीनं ताट भिरकावलं असतं तरी तिनं ऐकून घेतलं असतं.

ऐश्वर्यानं घास खाली ठेवला. "माहीत हाय मला."

"कसं?"

"एक्क्याण्णवला आम्ही सगळी आलतो न्हवं? तवा पप्पांनी आजीला विचारलं, एवढी एक गोष्ट मागितली, तीबी दिली न्हाईस व्हय? आजी म्हणाली, मला कुणी वाचून दावली? जेवत जा की बाबा थंडीचं. पप्पांनी आजीला बजावलं, आक्काला ह्यातलं काय बोलू नको."

आक्कानं कसाबसा धीर करून विचारलं, "मग सोडला का न्हाय?"

"परत गेल्यावर मम्मीनं सहाला ताट वाढलं. पप्पा बसले आणि उठले. म्हणाले, आईनं सोडला, पण धरून ठेवलाय आक्कानं. तिनं म्हणू दे, मग जेवतो. मम्मी लई भांडली. म्हणाली, मग विचारा की तिला फोनवर. तर म्हणाले, विचारलं तर तिची मान खाली जाईल."

ऐश्वर्या ताटाकडं बघत बोलत राहिली. "रविवारी तुझा फोन झाला की मम्मी स्वयंपाकघरातनं विचारायची, आक्का बोलली का काय? पप्पा न्हाय म्हणून मान हलवायचे. पुढं मम्मीनंबी विचारायचं सोडलं."

एक्क्याण्णवपासूनचे सगळे रविवार. खोकला कसा आहे, पोरं काय करतात, तिकडं बर्फ पडला का, दुपारी काय जेवलास, सगळं आक्का विचारायची. रात्री जेव, एवढंच म्हणायचं होतं. तो पलीकडं तेवढ्यासाठी फोन धरून बसायचा, आणि ती इकडं भीत बसायची.

"मला माफ कर गं," आक्का म्हणाली.

ऐश्वर्या उठली, ताट उचललं. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच आक्काला जास्त लागलं.

"मी काय माफ करणार, आत्या? पप्पांनी तवाच केलं हुतं. जेवायचं तेवढं राहून गेलं."