मागून येणारा आकडा

मानोरा गावाजवळच्या तांड्यावरचा फुलचंद पुण्याच्या एका गोल्फ मैदानावर पंधरा वर्षं गवत कापत होता. त्याची दोन्ही लेकरं तिथंच वाढली. रंजीता खेळायला लागली, आणि थोरला रविकांत तिची काठ्यांची बॅग उचलायला.

ते मैदान स्पर्धांचं. हिरवळ अरुंद, दोन्ही अंगांना गुडघाभर गवत, चेंडू पडेल नेमकं तिथं पाणी. तिथं सहसा कुणी हसत नसे. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत रविकांत म्हणाला, "एकशे बेचाळीस यार्ड. सात नंबरची काठी काढ." तिनं ऐकलं नाही. चेंडू पाण्यात गेला, आणि ती सगळ्यांसमोर त्याच्यावरच ओरडली, "तुले काय समजते? तू फक्त बॅग उचल!" रविकांतनं बॅग नीट खाली ठेवली. त्याच संध्याकाळी तो मोटरसायकलनं गावाकडं निघाला, आणि मेहकरच्या अलीकडं उभ्या ट्रकवर आदळून जागीच गेला.

महिन्याभरानं ती पुन्हा मैदानात उतरली. चेंडूवर वाकली, तोच खांद्यामागून त्याचा आवाज आला, "एकशे साठ." मागं कुणीच नव्हतं. मोजलं तर बरोबर एकशे साठ. मग प्रत्येक फटक्याला तसंच. राग नाही, माया नाही, नुसता आकडा. चौथ्या दिवशी ती खेळ अर्धवट टाकून निघाली आणि तिनं स्पर्धा सोडल्या.

मग तिनं तलावाकाठच्या एका रिसॉर्टवर शिकवायची नोकरी धरली. तिथलं मैदान सुट्टीवर आलेल्यांसाठी होतं, ऐसपैस, भरकटलेला चेंडूही सापडेल असं. आज्या चपला काढून काठी फिरवायच्या, लेकरं चेंडू हातानंच भोकात टाकायची, सगळे टाळ्या वाजवायचे. अंतर कुणी विचारत नसे. आवाज तिथं कधी आला नाही. तिला झोप लागू लागली.

यंदा होळीला ती तांड्यावर आली. गुडघे गेल्यामुळं फुलचंद आता गावीच असे. ऊन उतरल्यावर काठी नि चेंडू घ्यायला लावून तो तिला गायरानात घेऊन गेला. "त्या पळसाखाली टाक," म्हणत दगडावर बसला.

ती वाकली. मागून आवाज आला, "एकशे दहा."

तिनं उचललेली काठी तशीच धरली. तोच फुलचंद मान वर न करता म्हणाला, "दहा नाही रे, बाबू. वारं समोरून हाय. वीस धर."

तिच्या हातातली काठी गळाली. "बा, तुमाले बी आयकू येते?"

"ढोरं घेऊन येतो तवा येते. तुह्या मायले सांगू नोको."

"मले भेव वाटते. तो रागानं येते."

"राग असता तं खोटा आकडा सांगतला असता." फुलचंदनं डोळे पुसले. "तू एकदा तरी बोलली का त्याच्यासंग?"

तिनं पडलेली काठी उचलली. मग न वळता म्हणाली, "दादा, त्या दिवशी तूच बराबर होता." आणि एकशे वीस धरून तिनं फटका मारला.

सकाळी तिनं रिसॉर्टच्या मॅनेजरला फोन करून नोकरी सोडली, स्पर्धांच्या मैदानावर परत जाते म्हणून सांगितलं. तो चकित झाला. "इथं लोक हसत येतात, हसत जातात. त्या मैदानावर काय आहे तुझं?"

"माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

पुढच्या स्पर्धेत ती बरीच मागं पडली. आवाज प्रत्येक फटक्याला आला आणि प्रत्येक वेळी ती पुटपुटली, "हो दादा," नाहीतर, "नाही दादा, कमी वाटते." दुसऱ्या दिवसापासून सोबतच्या खेळाडू तिच्यापासून चार पावलं लांबून चालू लागल्या.