गॅलरीतली हलकी माती

मित्रांनो, मी माती आहे. पण शेतातली, पायाखालची, तुमच्या ओळखीची नव्हे. मला पीट म्हणतात. मला मुठीत घेतलंत तर म्हणाल, ही कसली माती, हा तर तपकिरी भुसा! म्हणा, मला राग नाही. माझ्यात ना वाळू, ना खडे. दूरच्या एका थंड देशात, पाणथळ जागी शेवाळ वाढायचं, मरायचं आणि पाण्यातच पडून राहायचं. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून ते धड कुजायचंही नाही. वर्षाला जेमतेम नखाएवढ्या जाडीचा थर. असे हजारो वर्षांचे थर म्हणजे मी. पुरती कुजले असते तर काळीभोर, काजळासारखी बोटाला लागणारी माती झाले असते. तिला मक म्हणतात. ती माझी थोरली बहीण. मी अर्धीकच्ची राहिले. नीट बघाल तर शेवाळाचे तंतू अजून दिसतील.

आणखी एक सांगते. त्या देशातली माणसं माझ्या विटा कापायची, उन्हात वाळवायची आणि थंडीत चुलीत घालायची. मी माती आहे आणि मी सरपणही आहे. जिथं हे लहान पोरांनाही ठाऊक होतं, तिथून मला खणलं, दाबून गठ्ठ्यात भरलं आणि जिथं कुणालाच ठाऊक नाही अशा ठिकाणी पाठवलं. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

मी उतरले ती तळवड्यात, ज्योतीरामच्या नर्सरीत. तिथं मात्र माझं कौतुक झालं. फवारे सकाळ-संध्याकाळ चालायचे. माझ्या वजनाच्या कितीतरी पट पाणी मी पोटात धरून ठेवते, म्हणून ढोबळी मिरचीची रोपं माझ्यात तरारून यायची. ज्योतीराम गिऱ्हाइकांना माझा चेंडू करून दाखवायचा. "पिळा, पिळा. पानी बघा कसं निघतंय!" ओल्या अंगाला आग लागत नाही. मी जरा विसरले होते.

मग एक दिवस मिनल आली. कडेवर चार वर्षांची विशाखा, खांद्याला पिशवी, पिशवीत मुलीचा दम्याचा पंप.

"दादा, हलकी माती आहे का? संत तुकाराम नगरला आमची बिल्डिंग जुनी आहे, तिसरा मजला. सेक्रेटरींनी नोटीस लावलीय. गॅलरीत जड कुंडी दिसली की खाली टाकून देणार म्हणतात."

"कुनाला? कुंडीला, का तुमाला?"

मिनल हसली नाही. तिला हसायला वेळ लागतो. आधी ती विचार करते. "हिला धूळ चालत नाही. दम लागतो. मातीचं काही होणार नाही ना?"

"न्हाई ओ ताई. खाल्ली तरच." ज्योतीरामनं जास्वंदीचं रोप नुसत्या माझ्यातच लावून दिलं, दुसरी माती चिमूटभरही घातली नाही. "कापूस हाय बघा, कापूस. फकस्त वाळू दिऊ नका. येकदा का रुसली, की पानी घेत न्हाई."

पेटते, हे त्यानं सांगितलं नाही. त्याला तरी कुठं माहीत होतं!

मिनलच्या घरी मी गॅलरीत, खोलीच्या खिडकीखाली राहिले. तिथून मला सगळं दिसायचं. मिनल शिकलेली, एम. एस्सी. झालेली. पण विशाखा झोपली की शिक्षण बाजूला ठेवून तिच्या पोटावर हात ठेवायची आणि श्वास मोजायची. गॅसची कळ दिवसातून तीनदा बघायची. तिचा नवरा नागसेन चाकणला कंपनीत. तो म्हणायचा, "अगं, आमच्या लाईनवर पण इतकं चेकिंग नसतं."

सासूबाई कस्तुराबाई रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती लावून वंदना घ्यायच्या. धुरानं विशाखा खोकायची. शेवटी मिनल भीत भीत बोलली, "आई, तेवढी अगरबत्ती गॅलरीत लावाल का?"

"लावते बाई. उद्या मलाच गॅलरीत बसव."

टोमणा मारला, पण ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मेणबत्ती आत आणि अगरबत्ती माझ्यात. घरोघरी असंच खोचतात ना? कुंडी असली की वेगळं अगरबत्तीचं घर कशाला!

"मातीत लावलीय गं. मातीत काय पेटतंय?" कस्तुराबाई म्हणाल्या.

"हो, मातीत बरी," मिनलनंही मान डोलवली.

मला ओरडावंसं वाटलं. पण तेव्हा मी ओली होते. काडी जळत यायची आणि माझ्यापाशी येऊन विझायची. रोज मी धास्तीनं वाट बघायची, रोज ती विझायची.

एप्रिलात सगळे आठ दिवस परभणीला लग्नाला गेले. त्या आठ दिवसांत माझ्यातलं पाणी थेंबाथेंबानं उडून गेलं. मी आक्रसले. कुंडीच्या कडेला आणि माझ्यात बोटभर फट पडली. परत आल्या आल्या मिनलनं मगभर पाणी ओतलं, पण ज्योतीराम म्हणाला तसंच झालं. कोरडी पडले की मी पाणी घेऊ शकत नाही. मनात असूनही नाही. पाणी फटीतून सरळ खालच्या ताटलीत. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. पानं मात्र माना टाकत होती.

"रोज पाणी घालते, तरी का सुकतंय हे?"

"जास्त घालतेस. ताटली बघ, भरलीय काठोकाठ," कस्तुराबाई म्हणाल्या.

मिनलनं पाणी कमी केलं. काळजी करणाऱ्या माणसाला ताटली भरलेली दिसली, की तो निर्धास्त होतो. आत कुणी बघितलं नाही.

त्या शुक्रवारी अगरबत्तीची काडी वाकडी होती. उभी राहीना, म्हणून कस्तुराबाईंनी ती मसाल्यापर्यंत आत दाबली आणि त्या विहारात बैठकीला गेल्या. नागसेन फर्स्ट शिफ्टला. विशाखा जेवून खिडकीखालच्या पलंगावर झोपली. बाहेर अगरबत्तीचा निखारा तोवर खाली खाली येत माझ्या अंगात शिरला होता.

मित्रांनो, मी भडकत नाही. ज्वाळा दिसली असती तर कुणी धावलं तरी असतं. मी आतल्या आत धुमसते, वाळवीसारखी सरकत जाते. दोन तास मी स्वतःलाच खात होते आणि माझा धूर त्या खिडकीतून आत जात होता. मला थांबता येत नव्हतं.

मिनलला वास आला. ती गॅसपाशी गेली, इस्त्री बघितली, स्विचबोर्डांना नाक लावून आली. गॅलरीत डोकावली; अगरबत्ती तर केव्हाच संपली होती. "त्याचाच वास," ती स्वतःशी म्हणाली आणि वळली. तेवढ्यात विशाखा झोपेत खोकली. मग पुन्हा. मग तो शिटीसारखा श्वास, जो मिनल दोन भिंतींपलीकडूनही ओळखते.

तिनं मुलीला उचललं, गॅलरीचं दार-खिडकी लावून घेतलं, पुढच्या खोलीत नेऊन पंप दिला. "घे बाळा, आत ओढ. अजून एकदा. शाब्बास." श्वास जरा स्थिरावल्यावर ती एकटी परत आली. आता माझ्या कडेनं धुराची दोरी निघत होती. तिनं मगभर पाणी ओतलं. पाणी ताटलीत. आणखी एक मग. तेही ताटलीत. धूर तसाच.

तिनं कुंडीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. प्लास्टिक मऊ होऊन फुगलं होतं. क्षणभरच थबकली. मग ओल्या टॉवेलात मला कवटाळून न्हाणीघरात पळाली आणि भरलेल्या बादलीत टाकलं. मी तरंगले! तापलेली, कोरडी, भुशासारखी हलकी मी. तिनं दोन्ही हातांनी मला खाली दाबलं. चुर्र झालं. बुडबुडे आले. दाबून धरलं तिनं, गुडघे टेकून, तोंडानं मुलीला हाका मारत, "विशू, बोलत राहा! बोल काहीतरी!" आणि पुढच्या खोलीतून विशाखा अडखळत म्हणत होती, "एक... दोन... तीन..." ती वीसपर्यंत पोचली तेव्हा कुठं बुडबुडे थांबले.

कस्तुराबाई आल्या, बादली बघितली आणि दारातच बसल्या. "माझ्या हातानं झालं गं हे."

"बाहेर लावा म्हणणारी मीच ना आई?" मिनल म्हणाली. तिचा तळवा भाजला होता. कस्तुराबाईंनी तो आपल्या मांडीवर घेतला आणि मलम लावलं.

संध्याकाळी नागसेन म्हणाला, "दे ना टाकून घंटागाडीत. विषय कट."

"आणि तिथं वाळून पुन्हा पेटली तर?"

तिनं ज्योतीरामला फोन करून झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडं ही कायम भिजल्यालीच असती ताई. ठावंच नव्हतं. आजच समद्या गिऱ्हाइकांना फोन लावतो."

आता मी नव्या कुंडीत आहे, साध्या मातीत निम्मी मिसळलेली. सेक्रेटरींना मिनलनं कुंडी उचलून दाखवली, तेव्हा ते चालेल म्हणाले. जास्वंद वाचली नाही. तिच्या जागी पुदिना आहे. इथल्या उबेत मी भराभर कुजते आहे. चार-पाच वर्षांत बहुधा संपेन. हजारो वर्षांची मी, चार-पाच वर्षांत. म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. पालापाचोळ्याचं खत घरी होत असेल, तर माझ्यासाठी दूरची पाणथळं खणायला लावू नका. आणि कुठलीही माती घरी आणलीत, तर ती कुठून आली, कशी वागते, हे विचारून घ्या. ताटलीवर विश्वास ठेवू नका.

विशाखा रोज सकाळी माझ्यात बोट खुपसते.

"मम्मी, ओली आहे!"

"किती?"

"एवढी!" ती दुसऱ्या पेरापर्यंत माखलेलं बोट वर धरते.

मग मिनल येते आणि आपलंही बोट घालून बघतेच.