मिस्त्रींच्या रक्तातलं

"मुळासकट यायला हवेत, मिस्त्री. जरा दुखेल," असं म्हणत नर्सने चिमट्याने त्यांच्या कानामागचे पाच-सहा केस एकेक करून उपटले.

"दुखू दे."

एकुलती एक मुलगी जाऊन तीन आठवडे झाले होते. आता इस्पितळाला आपले केस कशाला हवेत, हे त्यांना उमगत नव्हतं. डॉक्टरीणबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "एक शंका आहे. खोटी ठरली तर बरंच."

मिस्त्रींची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. लोक आत अडकले की यांना बोलावणं. आधी दाराबाहेरून आवाज द्यायचा, "घाबरू नका, मी आलोय," आणि मग पान्याला हात घालायचा, ही त्यांची पद्धत. मुलीला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हाही ते तिला हेच म्हणाले होते. नात्यातल्या कुणाचंच रक्त पुरतं जुळेना. शेवटी निम्मं का होईना, बापाचं जुळलं. त्यांच्या कमरेच्या हाडातली मज्जा काढून तिला दिली. दुसऱ्या दिवशी लंगडत ते तिच्या खोलीच्या काचेपाशी गेले, तर तिने आतून फोन लावला.

"बाबा, आता माझ्या अंगात तुमचं रक्त. यापुढे मी चिडले तर आईने तुम्हालाच धारेवर धरायचं."

"आत्तापर्यंत तरी कुणाला धरत होती?"

तिसऱ्या आठवड्यात ती मज्जा रुजली. पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या, घरच्यांच्या जिवात जीव आला. आणि त्याच रक्तात एक विषाणू सापडला, लाखांच्या हिशेबात. नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद, लहान मुलांना ताप आणि पुरळ आणणारा. लगेच जहाल औषध सुरू झालं. विषाणू उतरला, पण पांढऱ्या पेशीही उतरल्या. औषध थांबवलं की दोन्ही चढत. पुन्हा औषध. असं अडीच महिने चाललं. अखेर पेशी नावालाही उरल्या नाहीत, फुफ्फुसात बुरशी शिरली, आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं.

केसांचा निकाल दहा दिवसांनी आला. डॉक्टरीणबाईंनी दार लोटून घेतलं.

"मिस्त्री, हा विषाणू तुमच्या केसांच्या मुळांतही आहे. तुमच्या प्रत्येक पेशीत आहे."

"मला तर कधी काही झालं नाही."

"होणारही नाही कदाचित. हा तुम्हाला कुणाकडून लागलेला नाही. फार पूर्वी तुमच्या कुणा पूर्वजाच्या बीजात तो शिरला आणि गुणसूत्राच्या टोकाला चिकटून बसला. तिथून नाकाडोळ्यासारखा पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला. शंभरात एखादा माणूस असा असतो."

"मग तिच्या रक्तात सापडला तो…"

"तुमच्या पेशींमधला. तुमची एकेक पेशी वाढली की आम्हाला वाटायचं, विषाणू वाढला."

"आणि ते औषध?"

"द्यायला नको होतं. पेशी त्यानेच मारल्या." बाईंचा आवाज खाली गेला. "आम्ही हे आधी तपासायला हवं होतं."

"तिच्यात जन्मापासून होता का?"

"नाही. तिचं आधीचं रक्त आम्ही जपून ठेवलंय, ते तपासलं. मुलांमध्ये उतरायची शक्यता निम्मी असते. तिच्यात उतरला नव्हता."

"म्हणजे जन्मताना सुटली होती," मिस्त्री म्हणाले. "मग मीच नेऊन दिला."

बाई काहीतरी समजावत होत्या. मिस्त्रींनी मान डोलावली, पण एक शब्द कानात शिरला नाही.

घरी बायको चादरींच्या घड्या घालत होती. 'काही निघालं नाही' असं सांगायचं, हे वाटेत ठरवून झालं होतं. पण चाळीस वर्षांत तिच्याशी खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. तिने हातातली घडी पुरी केली.

"पोरीला कळलं नव्हतं ना?"

"कुणालाच नव्हतं."

"मग आपल्यातच राहू दे."

ती आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर आली ती तोंड धुऊन, हातात पाण्याचा पेला घेऊन. मिस्त्रींनी हात पुढे केला. तिने पेला टेबलावर ठेवला, त्यांच्या बोटांना बोट लागणार नाही असा, अगदी जपून. मिस्त्रींनी ते पाहिलं. मग पेला उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं.